पक्षाघातानंतरचे पुनर्वसन हे परिचारिकेचे काम नाही, असे म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी:
पक्षाघाताच्या रुग्णाचे पुनर्वसन फिजिओथेरपिस्ट करतात, परिचारिकेने औषधे वेळेवर दिली की तिचे काम संपले, असे समांतर यांनी काल लिहिले. अकरा वर्षे वॉर्डात काढल्यावर हे वाक्य मला सोडून देता येत नाही. फिजिओथेरपिस्ट दिवसातून पाऊण तास येतात. उरलेल्या वेळात लुळा हात उशीवर आहे की खाटेखाली लोंबतो आहे, कूस केव्हा बदलली, गिळण्याची चाचणी न करताच कोणी पाणी पाजले का, हे सारे परिचारिकाच पाहते. ऑस्ट्रेलियातील १९ स्ट्रोक युनिटांचा, म्हणजे पक्षाघाताच्या खास वॉर्डांचा, अभ्यास २०११ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीन गोष्टी ठरलेल्या पद्धतीने सांभाळल्या, त्या युनिटांत ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी रुग्ण ४२ टक्के होते. इतर युनिटांत ५८ टक्के.

समांतर:
ते वाक्य मी रागाने लिहिले होते, आणि त्या रागाला कारण आहे. माझ्या वडिलांना खुर्चीत बसवताना एका सिस्टरने त्यांचा लुळा हात धरून ओढले. त्या दिवसापासून खांदा असा दुखू लागला की हाताचे व्यायाम दीड महिना बंद पडले. ज्यांना हे शिकवलेलेच नाही, त्यांनी रुग्णाला हलवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रात्रपाळी:
वडिलांच्या बाबतीत झाले ते चूकच. स्नायू सैल पडल्यावर हाताच्या नुसत्या वजनानेही खांद्याचा सांधा खाली उतरतो, मग ओढल्यावर काय होणार. परंतु आम्ही हात लावायचा नाही, तर रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार? आम्हाला हे शिकवा, अशी मागणी आम्हीच वर्षानुवर्षे करीत आहोत.

उंबरठा:
मला ज्ञानापेक्षा वृत्ती खटकते. माझी आई डाव्या हाताने ब्लाउजचे हुक लावायला शिकत होती. तिला दहा मिनिटे लागत, आणि दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी येऊन, 'राहू द्या आजी, मी लावते', असे म्हणे. अशा मायेने माणूस पांगळा होतो. घंटेची कळही तिच्या उजव्या बाजूला ठेवत, जिकडचे तिला जाणवतच नव्हते.

रात्रपाळी:
एका पाळीत वीस रुग्ण असताना दहा मिनिटे थांबून दाखवा आणि मग वृत्तीविषयी बोला. हा आरोप मला अपमानास्पद वाटतो. कळीचे मात्र मान्य करते. ती चांगल्या हाताशी ठेवायला जास्तीचा वेळ लागत नाही.

उंबरठा:
अपमान करण्याचा हेतू नव्हता. पण वेळ नव्हता, हे कारण आईने ऐकून घेतले तरी तिची बोटे ऐकत नाहीत. आज सहा वर्षांनीही हुक मीच लावते.

शेष:
रुग्णाला लवकर हलवा, हा आग्रहही जपून धरावा. २०१५ सालच्या 'अ‍ॅव्हर्ट' या चाचणीत पक्षाघाताचे दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतील ज्यांना पहिल्या २४ तासांतच आणि अधिक प्रमाणात उठवले-चालवले, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा कमी समाधानकारक होती.

रात्रपाळी:
ही चाचणी मला ठाऊक आहे, पण तिचा आधार घेऊन रुग्णाला आठवडाभर आडवे ठेवणारेही मी पाहिले आहेत. त्याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण वारंवार हालचाल केलेल्यांची स्थिती बरी दिसली. असे वारंवार उठवायला खाटेपाशी दिवसभर कोण असते, याचे उत्तर समांतर यांनी द्यावे.

समांतर:
परिचारिका असते. माझे कालचे वाक्य चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो. वडिलांच्या खांद्याविषयी जे लिहिले, त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.