गोळीशिवाय जमत नाही, तो आहार परिपूर्ण कसा?

अबोली:
सहा वर्षं मी दूधही सोडून पक्की व्हीगन होते. पहिली चार मजेत गेली. मग तळपाय बधिर होऊ लागले. चप्पल पायातून निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. तपासलं तर बी-१२ पार तळाला. हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू बनवतात, वनस्पतींतून ते मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, तोवर सगळं छान वाटतं. म्हणून म्हणते, गोळीवाचून जो आहार चालत नाही त्याला परिपूर्ण म्हणू नका.

पिंपळपान:
वाचून वाईट वाटलं, पण असहमत. प्रौढ माणसाला दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. तेवढं गोळीतून घेतलं तर बिघडलं कुठे? आयोडीन घातलेलं मीठ आपण खातोच ना? शिवाय फायदा बघा. ब्रिटनमधल्या ४८ हजार लोकांच्या अभ्यासात (२०१९) शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी आढळला.

काठावरचा:
त्याच अभ्यासात शाकाहारींमध्ये पक्षाघात २० टक्के जास्त आढळला, तेही सांगा की. आणि २०२० मध्ये याच गटाच्या पाहणीत व्हीगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून जास्त निघालं.

पिंपळपान:
मान्य, ते सांगायला हवं होतं. पण दुप्पट म्हणजे किती? दहा वर्षांत हजारामागे साधारण १५ जण जास्त. कॅल्शियम, प्रथिनं आणि वजन सांभाळलं तर त्यातलं बरंचसं टाळता येईल, असं मला वाटतं.

अबोली:
"सांभाळलं तर" इथेच तर गाडी अडते! माझं हिमोग्लोबिन उत्तम होतं, म्हणून डॉक्टरही निर्धास्त. पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर पोटात जात असलं की बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन घसरेलच असं नाही, नसांची हानी मात्र चालूच राहते. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, बी-१२ वेगळं तपासा. अंगावर पाजणाऱ्या व्हीगन आयांनी तर नक्कीच, कारण आईत नसेल तर दुधातही उतरत नाही.

पिंपळपान:
या प्रतिसादातला शब्दन् शब्द मान्य. मी गेली नऊ वर्षं गोळी चुकवलेली नाही, तपासणी मात्र एकदाही केली नाही. या आठवड्यात करतो. तुमचे पाय आता कसे आहेत?

अबोली:
इंजेक्शनांनी बरेच सुधारले. डावी करंगळी अजून बधिर आहे.