आयसीसीचं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं) वॉरंट निघतं, अटक होत नाही: एलएलएम प्रबंधासाठी काय वाचावं?

तळटीप (प्रश्नकर्ता): प्रबंधासाठी 'आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायापुढची आव्हानं' हा विषय दिला तर गाइड म्हणाले, फार पसरट. 'वॉरंट निघूनही अटक का होत नाही' एवढ्यावर आणतोय. ८० पानं, चार महिने. कुठले निकाल, कुठल्या क्रमानं?

कलम_सत्तावीस: हेही पसरटच. 'न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत' हे उत्तर एका वाक्यात संपतं आणि उरलेली पानं वर्तमानपत्री होतात. प्रश्न असा घ्या: आयसीसीचा सदस्य नसलेल्या देशाचा पदावरचा राष्ट्रप्रमुख सदस्य देशात आला, तर त्याला धरण्याचं बंधन नेमकं येतं कुठून?

आधी रोम संविधीची (ज्या करारानं आयसीसी स्थापन झालं, त्याची) कलमं २७, ८७(७), ८९, ९७, ९८. कलम २७(२) म्हणतं, पदामुळे मिळणारं संरक्षण आयसीसीच्या आड येत नाही. ९८(१) म्हणतं, तिसऱ्या देशाचं संरक्षण मोडावं लागेल अशी विनंती आयसीसीनं करू नये. सगळं भांडण या दोघांच्या सांध्यावर.

मग सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल-बशीर. सुदान सदस्य नाही. प्रकरण सुरक्षा परिषदेच्या २००५ च्या ठराव १५९३ मधून आलं. बशीर ज्या सदस्य देशांत गेले आणि धरले गेले नाहीत, त्यांच्यावरचे निकाल तारखेनंच वाचा, कारण दर वेळी निष्कर्ष तोच आणि कारण वेगळं. मलावी (२०११): रूढ कायद्यात (देशांच्या प्रस्थापित प्रथेतून बनलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्यात) असं संरक्षणच नाही. काँगो (२०१४): ठरावानंच ते काढून घेतलं. दक्षिण आफ्रिका (२०१७): ठरावामुळे सुदान सदस्यासारखाच बांधला गेला. जॉर्डन अपील (६ मे २०१९): पुन्हा रूढ कायदा. त्याला जोडलेलं चार न्यायाधीशांचं सहमतीचं मत मूळ निकालाहून मोठं आहे, पण वगळू नका. खरा युक्तिवाद तिथेच आहे.

शेवटी मंगोलिया, २४ ऑक्टोबर २०२४: पुतिन तिथे गेले, अटक झाली नाही. पुतिन यांच्या प्रकरणात सुरक्षा परिषदेचा ठरावच नाही, म्हणजे काँगोवाली कुबडी गेली. इथे ९८(१) चा अर्थच आखडला: राष्ट्रप्रमुखाचं वैयक्तिक संरक्षण त्यात येत नाही. हे पटतं का, यावर तुमचं मुख्य प्रकरण उभं राहील. मला स्वतःला ते ओढूनताणून वाटतं.

नोंदवही: एक नेहमीची चूक. आयसीजे (देशादेशांतले वाद ऐकणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय) आणि आयसीसी दोन्ही हेगमध्ये, म्हणून उद्धृतं सरमिसळ होतात. काँगो विरुद्ध बेल्जियम (१४ फेब्रुवारी २००२) हा आयसीजेचा निकाल. त्याचा परिच्छेद ६१ (पदावरच्या मंत्र्यावरही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालू शकतो) सगळे वापरतात, पण 'काही' आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयं आणि तीही 'अधिकारक्षेत्र असेल तिथे' ही अट गाळतात. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कागद शोधताना शीर्षकानं नाही, क्रमांकानं शोधा. जॉर्डन अपील: आयसीसी-०२/०५-०१/०९-३९७ (शोधताना रोमन लिपीत टाका). ०२/०५ म्हणजे दारफुरची परिस्थिती, ०१/०९ म्हणजे २००९ चं प्रकरण, ३९७ हा दस्तऐवज. क्रमांकापुढे 'कॉर' असेल तर ती दुरुस्त प्रत, तीच उद्धृत करा. 

भारताचा धागा हवा असेल तर २६ ऑक्टोबर २०१५ चा निर्णय बघा. दिल्लीत भारत-आफ्रिका शिखर परिषद होती, बशीर येणार होते. भारत सदस्य नाही, म्हणून आयसीसीनं अटकेसाठी निमंत्रणवजा विनंती केली, आदेश नाही. कलम ८७(५) (सदस्य नसलेल्या देशाकडे मदत मागणं) समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

तळटीप: मंडळी, आभार. हंगेरी आणि फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते कुठे बसवू?

कलम_सत्तावीस: हंगेरी घ्या, थोडक्यात. आयसीसीचं वॉरंट असलेले इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू एप्रिल २०२५ मध्ये तिथे गेले, अटक झाली नाही. आयसीसीतून बाहेर पडायची हंगेरीची घोषणा त्याच वेळची, पण कलम १२७ प्रमाणे नोटिशीनंतर वर्षभर बंधनं कायम राहतात. दुतेर्ते तळटिपेत. मार्च २०२५ मध्ये अटक झाली तेव्हा ते माजी होते, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथे लागूच होत नाही. तिथला वाद सदस्यत्व सोडल्यानंतरच्या अधिकारक्षेत्राचा, तो वेगळा प्रबंध.

मुळाक्षर: 'पुढे काय' म्हणून युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी टाका. वॉरंट २००५ चं, माणूस अजून हाती नाही. कलम ६१(२)(ब) वापरून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या गैरहजेरीत आरोपनिश्चितीची सुनावणी झाली. पण खटला मात्र आरोपीशिवाय चालत नाही, कलम ६३. दोन्ही कलमं शेजारी ठेवून पाच पानं पुरतील.