ठोका चुकलेली घोडी पुन्हा शर्यतीला उतरवावी का?

खोगीरभरती (धागाकर्ता)

राम राम मंडळी. इंग्लंडमधल्या एका रेसच्या पागेत नोकरीला आहे. हुद्दा विचारू नका, लीद काढण्यापासून हिशेबापर्यंत सगळं करतो. आमच्याकडच्या सात वर्षांच्या एका घोडीला गेल्या आठवड्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे एकदम आवळायचं सोडून नुसते थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांना निरोप पोचतो तो कधीही, कसाही. घोडी चंदी चाटूनपुसून खाते, उभी असताना ठोके मिनिटाला ३६, कोण म्हणेल आजारी आहे? फक्त शेवटच्या दोन फर्लांगांत हवा गेल्यासारखी मागे पडायला लागली होती.

चहाच्या वेळी पागेत दोन तट पडले. एक म्हणतो उपचार करा नि पळवा, दुसरा म्हणतो पुरे झालं, कुरणात सोडा. मी पहिल्या तटात. एक संधी तिला मिळालीच पाहिजे.

माझा दाखला डेन्मनचा. पॉल निकल्सच्या पागेतला हा दांडगा घोडा, टोपणनाव 'द टँक'. मार्च २००८ मध्ये त्याने त्याच पागेतल्या कौटो स्टार या घोड्याला हरवून चेल्टनहॅमचा गोल्ड कप घेतला आणि सप्टेंबरात हृदयाच्या तालाचं दुखणं निघालं. उपचार झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये केम्प्टनच्या शर्यतीत असा सपाटून हरला की लोकांनी त्याच्या नावाने पाणी सोडलं. पुढच्याच महिन्यात गोल्ड कपला दुसरा! आणि नोव्हेंबरात पाठीवर ७५ किलो घेऊन न्यूबरीची हेनेसी शर्यत जिंकला. त्याला कुरणात सोडला असता तर हे कुणी पाहिलं असतं?

दुडकी

एवढं सगळं लिहिलंत, त्यात घोडी आहे, मालक आहे, डेन्मन आहे. पाठीवर बसणारा माणूस कुठाय?

मी पुण्याजवळ घोडेस्वारी शिकवते. पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरने पळत असताना त्याच्या पायातला जीव गेला, तर स्वाराचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय. तिथे कारण हृदय नव्हतं, पाय मोडला होता. पण पडणं ते पडणंच.

आणि डेन्मनची गोष्ट सोयीची तेवढीच सांगितलीत. गोल्ड कप त्याने पुन्हा कधी जिंकला नाही. २००९, २०१०, २०११, तिन्ही वेळा दुसरा. शिवाय तो परत आला म्हणून तुम्हाला त्याचं नाव ठाऊक. जे आले नाहीत त्यांची नावं कोण लक्षात ठेवतं?

रेसवेडा

ताई, आजारानंतर तीनदा गोल्ड कपला दुसरा येणं हे तुम्ही अपयश म्हणून सांगताय! आमच्या महालक्ष्मीच्या कट्ट्यावर असं बोललात तर चहा मिळणार नाही.

दुसरं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आणि घोडा मैदानात मरून पडणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. २०१४ च्या मेलबर्न कपला अ‍ॅडमायर राक्ती हा जपानी घोडा फेव्हरिट होता. शेवटचा आला आणि तबेल्यात परतल्यावर कोसळून मेला. तिथे थरथर झाली ती खालच्या कप्प्यांत, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. खालचे कप्पे थरथरले की रक्त पुढे जातच नाही, खेळ खलास. वरचे थरथरले तर घोडा दमतो, मागे पडतो, कधी नाकातून रक्त येतं. नाव सारखं म्हणून घाबरायचं?

मोतद्दाराचा_नातू

आमचे आजोबा मुंबईला मोतद्दार होते. कानाला यंत्र नाही, काही नाही. सकाळी खरारा करताना डाव्या कोपराच्या मागे कान लावायचे. एका घोड्याबद्दल म्हणायचे, "हा तीन मोजतो आणि चौथा गिळतो." मालक घाबरला, डॉक्टर आणतो म्हणाला. आजोबांनी घोड्याला चार फेऱ्या दुडकीने फिरवलं आणि मालकालाच कान लावायला सांगितलं. एकही ठोका चुकेना. तो घोडा पुढे कितीतरी वर्षं पळाला.

सांगायचं एवढंच की हल्ली यंत्रं वाढली आणि आजारही वाढले. मोबाइलला पट्टी लावली की कार्डिओग्राम, कार्डिओग्राम काढला की बिल. घोडी खातेय, पितेय, पळतेय. काय उपचार करता?

पागावैद्य

घोड्यांचा डॉक्टर आहे म्हणून मध्ये पडतो. एरवी वाचनमात्र असतो.

नातूसाहेब, आजोबांना नमस्कार, त्यांचं निदान अचूक होतं. पण ते वेगळ्या गोष्टीचं होतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. तयारीतल्या घोड्याच्या हृदयावर विश्रांतीच्या वेळी व्हेगस नसेचा (हृदयाला संथ ठेवणारी नस) एवढा दाब असतो की अधूनमधून वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचतच नाही. एक ठोका गळतो. त्याला दुसऱ्या दर्जाचा एव्ही ब्लॉक म्हणतात. गळण्याला बहुधा हिशेब असतो, तिसरा किंवा चौथा. घोडा हलला, दचकला, की ब्लॉक जातो. हा आजार नाही.

फिब्रिलेशनमध्ये हिशेबच नसतो. दोन ठोके लागोपाठ, मग लांब गॅप, मग तीन, मग पुन्हा गॅप. मी विद्यार्थ्यांना एक खूण सांगतो. शांत उभ्या घोड्याच्या 'लब-डप'च्या आधी एक हलकासा आवाज ऐकू येतो, वरचे कप्पे आवळल्याचा. ब्लॉक असेल तर त्या गॅपमध्ये तो हलका आवाज एकटाच येतो आणि पुढे काही नाही, जिन्यात पाऊल वाजावं पण दार उघडूच नये तसं. फिब्रिलेशनमध्ये तो आवाज साफ गायब. स्टेथोस्कोप कोपराच्या खाली चांगला पुढे रेटून पूर्ण दोन मिनिटं ऐकायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्यांना यातलं काही कळत नाही. शंका आली की कार्डिओग्राम. त्यात पी लहरींच्या (वरचे कप्पे आवळताना उमटणाऱ्या) जागी बारीक, वाकडीतिकडी थरथर दिसते, वाद संपला.

आता "खातेय, पितेय" या मुद्द्यावर. उभ्या घोडीला वरच्या कप्प्यांची गरज जवळजवळ पडतच नाही, म्हणून ती ठणठणीत दिसते. भरधाव पळताना निरोगी घोड्याचे ठोके २२० ते २४० पर्यंत जातात. फिब्रिलेशनवाल्याचे त्याच्याही वर, काहींचे तीनशेच्या पुढे. हृदय भरायला वेळच उरत नाही. रेसवेडा, तुमची वरचे-खालचे ही फोड बरोबर आहे, पण भिंत तेवढी पक्की नाही. अशा वेगात काही घोड्यांत खालच्या कप्प्यांचे भलतेच ठोके दिसू लागतात. म्हणून पळतानाचा कार्डिओग्राम हवाच, उभ्याचा पुरत नाही.

जाता जाता: माणसाच्या या आजाराचा उलगडा व्हायला घोड्याचा हातभार आहे. लंडनच्या थॉमस लुईसने १९१० च्या आगेमागे अनियमित नाडीचे घोडे शोधून काढले, त्यांची छाती उघडली आणि थरथरणारे कप्पे डोळ्यांनी पाहिले.

खोगीरभरती

डॉक्टर, धन्यवाद. आमच्या डॉक्टरांनी पहिले दोन दिवस काहीच केलं नाही. म्हणाले, कधीकधी २४ ते ४८ तासांत आपोआप ताल परत येतो. नाही आला. आता दोन मार्ग सांगितलेत, क्विनिडीन किंवा शॉक. मालकाला शॉक म्हटलं की सिनेमातलं दृश्य आठवतं, तो औषधाच्या बाजूने आहे.

पागावैद्य

औषध म्हणजे सोपं, असं समजू नका. क्विनिडीन हे कोयनेलचं सख्खं भावंड, दोन्ही सिंकोनाच्या सालीतली. किलोला २२ मिलिग्रॅम, म्हणजे पाचशे किलोच्या घोडीला एका वेळी ११ ग्रॅम, दर दोन तासांनी, ताल येईपर्यंत किंवा ठरलेले डोस संपेपर्यंत. तोंडात जखमा होतात म्हणून नाकातून पोटात नळी घालून. आणि पूर्ण वेळ कार्डिओग्रामवर नजर. क्यूआरएस, म्हणजे त्यातला खालच्या कप्प्यांचा टोकदार भाग, पाव भागाने रुंदावला की थांबायचं. नाकाची आतली त्वचा सुजून घोडी घोरायला लागते, पोट दुखतं, जुलाब होतात, ठोके अचानक शंभरावर उसळतात. एकदा एका घोड्याबरोबर मी रात्रभर उभा होतो. पहाटे चौथ्या डोसनंतर तो हलका आवाज परत ऐकू आला, तेव्हा माझे पाय त्याच्यापेक्षा जास्त कापत होते.

शॉकची रीत कॅनडातल्या ग्वेल्फच्या पशुवैद्यांनी बसवली. मानेच्या शिरेतून दोन तारा आत, एक उजव्या वरच्या कप्प्यात, दुसरी फुप्फुसाकडे जाणाऱ्या डाव्या धमनीत, आणि दोन्हींच्या मधून झटका. हृदयात दुसरा बिघाड नसेल तर दहांतल्या नऊ किंवा जास्त घोड्यांचा ताल परत येतो. मात्र पूर्ण भूल द्यावी लागते.

दुडकी

आणि घोड्याला पूर्ण भूल म्हणजे काय तेही सांगा ना डॉक्टर. पोटशूळ वगैरे काही नसलेल्या घोड्यांतही शंभरात सुमारे एक दगावतो असंच आम्हाला शिकवलंय. शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडतो तो वेगळाच. एवढं करून आजार उलटतो किती जणांत?

पागावैद्य

शंभराला एक हा आकडा बरोबर. अलीकडे थोडा सुधारलाय, पण माणसाच्या भुलीशी तुलनाच नको. उलटण्याचं म्हणाल तर वेगवेगळ्या पाहण्यांत १५ ते ४० टक्क्यांच्या आसपास. हृदय मुळातच मोठं झालं असेल, झडप गळत असेल किंवा आजार कित्येक महिने अंगात मुरला असेल तर जास्त. म्हणून खोगीरभरती, मालक आधी औषध की शॉक हे ठरवतोय ती उलटी वरात आहे. आधी सोनोग्राफी. आणि हे कधी सुरू झालं ते शोधा. तीन आठवडे आणि सहा महिने यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुडकी

मग मी म्हणते तेच बरं नाही का? झटका नको, नळी नको. ताल बिघडलेलाच राहू दे, रेस बंद. हलकी रपेट, शाळेतल्या मुलांना शिकवायला शांत घोडी. अशा घोड्या वर्षानुवर्षं सुखाने जगतात हे तुम्हीही नाकारणार नाही.

पागावैद्य

जगतात, नाकारत नाही. माझ्या ओळखीच्या दोन आहेत. पण मुलांना शिकवायला? दुडकीताई, इथे मी तुमच्या पूर्ण विरुद्ध आहे. अमेरिका आणि युरोपच्या घोडे-हृदयतज्ज्ञांनी २०१४ मध्ये एकत्र बसून शिफारशी केल्या, त्यात असा घोडा सगळं समजून घेतलेल्या प्रौढ स्वारानेच वापरावा असं म्हटलंय. तेही तो जेवढं काम करणार तेवढं करताना ठोके २२० च्या आत राहतात का हे कार्डिओग्रामवर पाहून. स्वाराच्या जिवाचा मुद्दा तुम्हीच काढलात, तो शाळेच्या फाटकाशी संपत नाही.

दुडकी

मान्य. मुलांचं मागे घेते.

पण मग तोच नियम तिकडेही लावा. खोगीरभरती, त्या घोडीवर रोज सकाळी कोण बसतं? आणि तुमच्या चहाच्या दोन तटांपैकी कुणी त्या माणसाला काय निघालंय ते सांगितलं का?

रेसवेडा

घोडी सध्या बंदच असणार ना, सांगायचं काय त्यात. आधी बरी तर होऊ दे. मी अजूनही म्हणतो, शॉक द्या, सहा आठवडे आराम द्या, उन्हाळ्यात बघू.

खोगीरभरती

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण दुडकीताईंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं.

सकाळच्या रपेटीला एक बावीस वर्षांची मुलगी बसते. तिला एवढंच सांगितलं होतं की घोडी 'जरा थकलीय'. आज खरारा करताना मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी इथे लिहिलेलंही. ती रागावेल असं वाटलं होतं. ती हातातला ब्रश ठेवून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी चढावर ती माझ्याखाली एकदम मऊ पडली, ते हेच?"

मी विचारलं कोणत्या दिवशी. तिने मोबाइल काढला. रोजच्या रपेटीची नोंद ठेवते. पाच आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. त्याच्या आधीच्या कुठल्याही दिवशी तसं काही लिहिलेलं नाही.

सोनोग्राफी गुरुवारी आहे. त्या मंगळवारची तारीख डॉक्टरांना कळवली आहे.