आधी काठावरचा आरडाओरडा कमी करा
रेडिओ सेलिंगच्या, म्हणजे काठावरून रिमोटने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटींच्या, क्लबात नवी मंडळी दोन-तीनदा येऊन गळतात, अशी तक्रार असते. आमच्याकडेही तेच व्हायचं. त्याचं कारण बोटी नव्हे, तर चूक कोणाची यावरून काठावर होणारा आरडाओरडा होता. शर्यतीच्या नियमांत रेडिओ सेलिंगसाठी असलेल्या परिशिष्ट ई मध्ये चुकीला सहसा एकच गिरकी आहे: एक टॅक (बोटीचं नाक वाऱ्यातून वळवणं), एक जाइब (बोटीची पाठ वाऱ्यातून वळवणं), आणि मोकळे! ती मुकाट्याने मारायची सवय आधी जुन्यांनी लावून घेतली, तशी भांडणं ओसरली.

शर्यती छोट्या ठेवा, दहा-बारा मिनिटांच्या, पण भरपूर. शेवटी आलेल्याला लगेच पुढची संधी.

आणि वारा पडला की नवखा शीड घट्ट ओढून बसतो (मीही अजून तेच करतो म्हणा). विंच (शिडाची दोरी ओढणारी-सोडणारी मोटर) रिमोटवरून दोन खटके सैल सोडला की बोट सरकायला लागते. शेजारी उभं राहून सांगा, फक्त त्याच्या हातातला रिमोट घेऊ नका.