अभ्यासाला बसलेला वेळ आणि झालेला अभ्यास: सोशल मीडियाबद्दल तुमचे अनुभव सांगा

गणिताच्या बाई

मी दहावीला गणित शिकवते. सहामाहीच्या पेपरात एक प्रमेय होतं: वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. एका मुलीने आकृती सुरेख काढली होती. त्रिज्या जोडल्या, काटकोन दाखवले, कर्ण-भुजा कसोटीने दोन त्रिकोण एकरूप म्हणून सिद्ध केले, पुढच्या ओळीवर ‘म्हणून’ लिहिलं आणि सोडून दिलं. फक्त एक ओळ राहिली होती. त्रिकोण एकरूप, तर त्यांच्या संगत बाजू एकरूप. संपलं.

मी बोलावून विचारलं, तर म्हणाली, “बाई, येत होतं. पण मध्येच तुटलं.” मग स्वतःहूनच सांगितलं, “मी रोज तीन तास बसते हो अभ्यासाला.” ती खोटं बोलणारी मुलगी नाही. तिला म्हटलं, आज बसशील तेव्हा वहीच्या मागच्या पानावर, फोनकडे हात गेला की एक रेघ मार. दुसऱ्या दिवशी पान दाखवलं. ४१ रेघा होत्या. तीन तासांत ४१, म्हणजे सरासरी साडेचार मिनिटंसुद्धा सलग नाहीत. तिला रडू आलं आणि मला काय बोलावं ते कळेना.

२०२२ च्या पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना याबद्दल विचारलं होतं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल उपकरणांमुळे लक्ष विचलित होतं. वर्गात इतरांच्या उपकरणांमुळे ज्यांचं लक्ष उडतं, त्यांचे गणिताचे गुणही, घरची परिस्थिती हिशेबात धरूनसुद्धा, पीसाच्या मोजपट्टीवर (शंभरपैकी नव्हे) सुमारे १५ ने कमी होते. हे वर्गातलं झालं. घरी दार लावून बसलेल्या मुलांचं काय होतं, ते तुमच्याकडूनच कळेल. विद्यार्थी असाल, पालक असाल, शिक्षक असाल, खरंखरं लिहा.

रातजागी

बाई, माझा त्रास रेघांमध्ये मोजता आला नसता, कारण दिवसा मी फोनला हात लावत नव्हते. मी रात्रीची. अकरावीत असताना साडेदहाला पुस्तक मिटायचे आणि ‘दिवसभर अभ्यास केलाय, आता पाच मिनिटं’ म्हणून पांघरुणात रील्स उघडायचे. घड्याळ बघेपर्यंत दीड वाजलेला असायचा. मैत्रिणीबरोबरची स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकींना फोटो पाठवायची साखळी, तुटू नये म्हणून झोपेतून उठून फोटो पाठवल्याचंही आठवतं. भिंतीचा फोटो. अंधारातली भिंत!

सकाळी इतिहासाचं पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं. ही ओळ वाचलीय, हा नकाशा पाहिलाय. पण पुस्तक मिटून सांगायला गेलं की काहीच यायचं नाही. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे मला फार उशिरा कळलं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि मी पाचांवर वर्ष काढलं. अभ्यास केला नाही म्हणून गुण गेले असते तर इतकं लागलं नसतं. केलेला अभ्यास गेला, याचं वाईट वाटतं.

दोन मुलांचा बाबा

आम्ही सरळ फोन काढून घेतला. आठवडाभर घरात अबोला. मग लक्षात आलं की शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, प्रकल्पाची वाटणी तिथेच होते आणि मुलगा रोज दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘आज काय दिलंय’ असं विचारत होता. शिक्षा त्याला झाली, पण चूक एकट्या त्याची नव्हती. तोपर्यंत मी स्वतः जेवताना फोन बघत होतो, हे त्यानेच सांगितलं. आता संध्याकाळी सात ते नऊ घरातले सगळे फोन कपाटात, माझासुद्धा. पहिले चार दिवस मलाच जड गेले.

मागचा बाक

मला जरा वेगळं सांगायचंय. सगळे म्हणतात फोन वाढला म्हणून गुण घसरले. माझं उलट झालं होतं.

आठवीत वर्गाचा एक ग्रुप होता, त्यात शिक्षक नव्हते. कुणीतरी माझा झोपाळलेल्या डोळ्यांचा फोटो काढला आणि त्याचा स्टिकर केला. कुणी काहीही बोललं की उत्तर म्हणून तो स्टिकर. मी ग्रुप सोडला असता तर आणखी हसले असते, म्हणून सोडला नाही. वर्गात बाई शिकवत असायच्या आणि माझ्या डोक्यात एकच, की आत्ता दप्तरातल्या फोनवर काय चाललं असेल. मधल्या सुट्टीत संडासात जाऊन बघायचे. नवीन काही नसलं तरी वर सरकवून जुनंच पुन्हा वाचायचे.

त्या सहामाहीला मी तीन विषयांत नापास झाले. घरी निष्कर्ष निघाला, ‘दिवसभर मोबाईल.’ मोबाईल हातात होता हे खरंच होतं. पण मी मजा करत नव्हते, पहारा देत होते. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं, की बाळा, तू त्यात बघतेस तरी काय? शेवटी मावशीने विचारलं. तिने फोन मागितला नाही, शेजारी बसून मी दाखवेन तेवढंच पाहिलं. पालकांनो, तास मोजण्याआधी एवढं तरी विचारा.

पॉज-बटण

माझी बाजू चांगल्या अनुभवाची. शिकवणी परवडत नव्हती. भौतिकशास्त्र मी यूट्यूबवर शिकलो. वर्गात ‘पुन्हा सांगा’ म्हणायची लाज वाटायची, व्हिडिओला दहा वेळा मागे नेलं तरी तो चिडत नाही. अशा शिक्षकांचे उपकार मी विसरणार नाही.

पण सुरुवातीचे दोन महिने फुकट गेले तेही सांगतो. बघताना सगळं समजायचं आणि कागदावर काही उतरायचं नाही. मग एक सवय लावली. गणित मांडून झालं की व्हिडिओ थांबवायचा, आधी आपण सोडवायचं, मगच पुढे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते! माझे पहिले दोन महिने त्या पाच मिनिटांसारखेच होते.

धाकट्यांचा दादा

मी ॲप्स बनवण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं आतलं. पूर्वी पान संपायचं. खाली ‘पुढील पान’ असायचं, तिथे हात थांबायचा आणि माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. मुलांना ‘तुला मनावर ताबा नाही’ म्हणताना हे लक्षात असू द्या. थांबायची जागाच काढून टाकली आहे.

भावंडांच्या फोनवर मी ऑटोप्ले (एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणं) आणि सगळ्या सूचना बंद केल्या, फक्त घरच्यांचे फोन वाजतात. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. नुसता टेबलावर पडलेला फोनही बुद्धीवर ताण देतो, असं २०१७ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. नंतरच्या काही प्रयोगांत तसं दिसलं नाही, म्हणून त्यावर मी वाद घालणार नाही. पण उठून दुसऱ्या खोलीत जायचा कंटाळा येतो आणि तो कंटाळा आमच्या उपयोगी पडला.

गणिताच्या बाई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ‘मागचा बाक’, तुझं वाचून मी आज वर्गात वेगळ्या नजरेने पाहिलं. मागच्या वर्षी मीही एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘मोबाईलचा अतिवापर’ असं लिहिलं होतं. त्याला मी काही विचारलं नव्हतं. तो आता दुसऱ्या शाळेत आहे. त्याच्या घरी जाऊन येणार आहे.

दोन मुलांच्या बाबांचा मुद्दा शिक्षकांच्या बैठकीत मांडला. निदान आमच्या दहावीच्या वर्गांपुरतं ठरलं की गृहपाठ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि शाळा सुटल्यावर ग्रुपवर काही टाकायचं नाही. दोन सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

आणि ती मुलगी. फोन आता आईजवळ ठेवते, तरी पूर्ण सुटलेलं नाही, मध्येच उठून बघून येते. काल पान दाखवलं तेव्हा १७ रेघा होत्या. दोन रेघांच्या मध्ये तिने बारीक पेन्सिलने लिहिलं होतं: ‘इथे २५ मिनिटं.’