मदत हवी आहे: ब्लूजवरची अशी डॉक्युमेंटरी सुचवा ज्यात गाणं शेवटपर्यंत ऐकू देतात

मंडळी, जरा मदत करा.

कोथरूडला आमचा एक ऐकणाऱ्यांचा ग्रुप आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, बहुतेक सगळे शास्त्रीयवाले, साठीच्या आसपासचे नि पुढचे. मधूनच गाण्यावरची एखादी फिल्म लावतो आणि मग चहा, भडंग, वादावादी. पुढच्या वेळी मी ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) दाखवतो असं बोलून बसलोय आणि आता काय दाखवायचं तेच ठरत नाहीये.

टीव्हीसाठी केलेल्या ब्लूजच्या डॉक्युमेंटऱ्या मी भरपूर बघितल्यात आणि साला दर वेळी तेच. कापसाच्या शेताचा कृष्णधवल शॉट, मागे स्लाइड गिटार, निवेदक घोगऱ्या आवाजात 'मिसिसिपी डेल्टा' (अमेरिकेच्या दक्षिणेतला कापसाचा पट्टा) म्हणतो, मग मडी वॉटर्स नाहीतर हाउलिन वुल्फ स्टेजवर दिसतो, तोंड उघडतो, दोन ओळी होतात न होतात तोच आवाज खाली आणि कुणीतरी गोरा रॉक गिटारवाला खुर्चीत बसून सांगायला लागतो की हे पहिल्यांदा ऐकलं आणि माझं आयुष्यच बदललं. अहो बदललं असेल, पण आम्हाला ऐकू द्या की.

आणि हे फक्त चिडचिड म्हणून सांगत नाहीये. साध्या ब्लूजमध्ये बारा बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा विभाग) आवर्तन असतं, त्यात तीन ओळी. पहिली ओळ, तीच परत, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर. संथ लयीत एका आवर्तनाला पाऊण मिनिट आरामात लागतं. क्लिप असते पंधरा-वीस सेकंदांची, म्हणजे तिसरी ओळ येतच नाही! मुखडा दोनदा घेतला आणि समेवर यायच्या आत कुणी माईक बंद केला, असा प्रकार. माझ्या ग्रुपमधले काका लोक हे दहा मिनिटं सहन करणार नाहीत, उठून जातील.

दुसरी डोकेदुखी म्हणजे ब्लूजवाला रॉबर्ट जॉन्सन. माणूस १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, रेकॉर्ड केलेली गाणी २९, फोटो बोटांवर मोजण्याइतके आणि हलत्या चित्राची एक फ्रेमसुद्धा नाही. मग तासभर दाखवणार काय? चौरस्ता, धुकं, टोपीवाली सावली, सैतान. नेटफ्लिक्सच्या २०१९च्या फिल्मच्या तर नावातच डेव्हिल आणि क्रॉसरोड्स आहेत. खरं म्हणजे तो चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याचा किस्सा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गवयाचा, त्याच्या भावाने सांगितलेला. रॉबर्टला शिकवणारा आइक झिमरमन हा चांगला हाडामासाचा माणूस होता आणि हे दोघं रात्री कब्रस्तानात जाऊन वाजवत बसायचे कारण तिथे कुणाची झोपमोड होत नाही. आमच्या लोकांना सैतानापेक्षा हा रियाज जास्त पटेल, पण टीव्हीवाल्यांना सैतानच प्यारा.

तर हवं काय आहे: चहा धरून दोन तासांत बसेल असं काहीतरी. निदान काही गाणी अख्खी. गाणारा माणूस स्वतः बोलताना दिसला तर फारच छान. नाव प्रसिद्ध नसलं तरी चालेल. सबटायटल असतील तर बरं, कारण डेल्टातलं इंग्रजी मलाच निम्मं कळतं. कायदेशीर फुकट मिळालं तर उत्तम, नाहीतर भाड्याने किंवा विकत घेईन.

२००३ची स्कॉर्सेसीची सात फिल्मांची सिरीज बघितली आहे, त्याबद्दल मत संमिश्र. इंग्लंडवाली माइक फिगिसची फिल्म तर मी अर्ध्यात सोडली, टॉम जोन्स आणि जेफ बेक ऐकायचे असते तर वेगळं काही लावलं असतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा, आगाऊ धन्यवाद.

टपरीवरचा_चहा:
पंधरा सेकंदांच्या क्लिपमागे अक्कलशून्य एडिटर असतोच असं नाही हो. जुनं फुटेज आणि त्यातलं गाणं, दोन्हीचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे, आणि दर लावतात मिनिटावर नाहीतर सेकंदावर. अख्खं गाणं घेतलं की बजेट बोंबललं. वर बावन्न मिनिटांचा स्लॉट. खुर्चीतला रॉकस्टार त्यामानाने स्वस्त पडतो आणि पोस्टरवर नावही येतं. बाकी तक्रारीशी सहमत.

शिकागोकर:
लेस ब्लँकची लाइटनिन हॉपकिन्सवरची फिल्म बघितलीत का? 'द ब्लूज अकॉर्डिन टु लाइटनिन हॉपकिन्स', साठच्या दशकाच्या शेवटची, जेमतेम ३१ मिनिटं. निवेदक नाही, तज्ज्ञ नाही, सन-सनावळ्या नाहीत. टेक्सासमधलं सेंटरव्हिल गाव, रोडिओ, बार्बेक्यू, पोरंटोरं, आणि मधेच हा माणूस काळा चष्मा लावून गिटार घेऊन बसतो आणि गातागाता बोलतो की बोलता बोलता गातो ते कळतच नाही. ब्लूज म्हणजे काय हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. टीव्हीसाठी केलेली नाही, म्हणूनच बरी असावी :)
मान्स लिप्सकंबवरची ब्लँकचीच 'अ वेल स्पेंट लाइफ' (१९७१) पण बघा. तो आयुष्यभर शेती करणारा माणूस, साठी उलटल्यावर पहिली रेकॉर्ड निघाली. तुमच्या काका लोकांना जवळचा वाटेल.

गवाक्ष:
स्कॉर्सेसीच्या सिरीजला एका झटक्यात निकालात काढू नका. चार्ल्स बर्नेटची 'वॉर्मिंग बाय द डेव्हिल्स फायर' परत बघा, ती गोष्टीसारखी आहे, एक लहान मुलगा मिसिसिपीत काकाकडे राहायला येतो. काका रंगेल, घरातले बाकीचे देवभोळे, आणि घराघरातलं ते भांडणच ब्लूजचं खरं भांडण आहे, शनिवारची रात्र की रविवारची चर्चमधली सकाळ. त्यात जुन्या क्लिपा पण जरा मोकळ्या सोडल्यात.
विम वेंडर्सची मात्र मलाही पचली नाही. हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्याने नाट्यरूपांतर शूट केलंय, दिसायला झकास, पण स्किप जेम्सचं गाणं ऐकायचं म्हटलं की मधेच लू रीड आणि बेक (जेफ बेक नव्हे, दुसरा) हे रॉकवाले ते गायला लागतात. ते चांगलेच आहेत, पण स्किप जेम्सचं खरं चित्रीकरण उपलब्ध असताना? त्यातला जे. बी. लेनॉरचा भाग तेवढा सोनं आहे. एका जोडप्याने हौसेने शूट केलेलं फुटेज, रंगीत, आणि हा झेब्रा पट्ट्यांचा कोट घालून मस्त वाजवतोय.

सांज_सकाळ:
मला एक कळत नाही, सगळ्यांचा राग गोऱ्या रॉकवाल्यांवरच का? ते नसते तर साठच्या दशकात यातल्या अर्ध्या लोकांचे टीव्हीवर चेहरेच दिसले नसते. १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर, 'शिंडिग'मध्ये, हाउलिन वुल्फ आला तो रोलिंग स्टोन्सनी आग्रह धरला म्हणून. आणि पूर्ण गाणी हवी असतील तर युरोपच्या टीव्हीचे आभार माना. जर्मनीत ज्यूडवेस्टफुंक या टीव्ही कंपनीने बाडेन-बाडेनच्या स्टुडिओत अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिवलवाल्यांना दर वर्षी बोलावून शूट केलं, सनी बॉय विल्यमसन, बिग मामा थॉर्नटन, वुल्फ, सगळे. गाणं सुरू होतं, गाणं संपतं, मधे कुणी तोंड घालत नाही. डीव्हीडी निघाल्यात २००३ पासून.

टपरीवरचा_चहा:
@सांज_सकाळ, मुद्दा मान्य, पण त्या युरोपियन टीव्हीचा सेट बघितलात ना? मँचेस्टरला १९६४ मध्ये ग्रॅनाडा टीव्हीने एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनला अमेरिकेतलं दक्षिणेकडचं स्टेशन बनवलं, पोती काय, कोंबड्या काय. मडी वॉटर्ससारखा शिकागोचा सुटाबुटातला माणूस हातात बॅग घेऊन रुळांवरून चालत येतो! म्हणजे गाणं खरं आणि भोवतीचं सगळं खोटं.
आणि हा रोग टीव्हीच्याही आधीचा. १९३५ मध्ये 'मार्च ऑफ टाइम' या न्यूजरीलने लेडबेली या तुरुंगात राहून आलेल्या गवयाला परत कैद्याचे कपडे चढवून तुरुंगाचा सीन करायला लावला होता, सुटून आल्यानंतर.

सांज_सकाळ:
हो, पण त्याच मँचेस्टरच्या कार्यक्रमात सिस्टर रोझेटा थार्प आहे. घोडागाडीतून उतरते, अंगात जाडजूड कोट, पावसाने प्लॅटफॉर्म ओला झालाय, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर पोरंपोरी कुडकुडत बसलेत. बाई इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि पाऊस बघून 'डिडन्ट इट रेन' सुरू करतात. मधेच उजवा हात हवेत फिरवून सोलो घेतात तो बघा एकदा. सेट खोटा असला तरी माझं काही बिघडत नाही. (त्यांना ब्लूज म्हणायचं की गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिगीत) हा वाद इथे नको, प्लीज.)
तसंही बायकांवरची डॉक्युमेंटरी शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. बेसी स्मिथचं चित्रीकरण म्हणजे १९२९चा एक छोटा चित्रपट, बस्स. मा रेनीचं तेवढंही नाही.

शिकागोकर:
'डीप ब्लूज' राहिलीच की, १९९१, रॉबर्ट मग्गची. दीड तासाची आहे म्हणून तुमचा वेळ खाईल, पण तुकडे करून दाखवता येते. रॉबर्ट पामर हा अभ्यासक गावोगाव घेऊन फिरतो, तो जरा शांतच असतो हे त्याचं मोठं काम. ज्युनियर किमब्रोचा अड्डा, आर. एल. बर्नसाइड, जेसी मे हेंपहिल, आणि बेंटोनियाचे जॅक ओवेन्स. बेंटोनिया म्हणजे स्किप जेम्सचंच गाव, तोच तो अंगावर येणारा मायनर सूर, शेजारी बड स्पायर्स हार्मोनिकावर. गवाक्ष म्हणतात ते नाट्यरूपांतर बघण्यापेक्षा हे बघा.

मूळ_धागाकर्ता:
सगळ्यांना धन्स, एवढ्या लवकर एवढी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. हॉपकिन्सची फिल्म काल रात्रीच बघितली. हीच पाहिजे होती. सांज_सकाळ, रोझेटाबाई पण पक्क्या.
अजून एक प्रश्न, गोष्ट आणि गाणं दोन्ही नीट जमलेलं काहीच नाही का? आमच्यातल्या दोघातिघांना इतिहास लागतोच, नाहीतर 'हे सगळं एकसारखंच वाटतं हो' सुरू होतं.

गवाक्ष:
'टू ट्रेन्स रनिन', सॅम पोलार्ड, २०१६. १९६४च्या उन्हाळ्यात गोऱ्या पोरांच्या दोन टोळ्या, एकमेकांना पत्ता नाही, जुन्या रेकॉर्डवरची नावं घेऊन मिसिसिपीत शिरतात, एक सन हाउस या जुन्या गवयाला शोधायला आणि दुसरी स्किप जेम्सला. त्याच उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी कार्यकर्ते तिथे आलेत. २१ जूनला सन हाउस सापडतो, तो पण मिसिसिपीत नाही तर थेट न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला, आणि त्याच दिवशी मिसिसिपीत चेनी, गुडमन, श्वर्नर हे त्या कार्यकर्त्यांमधले तीन तरुण गायब होतात, त्यांचा खून झालेला असतो. हातात फुटेज नसलेल्या जागी अॅनिमेशन आहे, पण सैतान-बितान नाही. गाणी काही नव्या लोकांनी गायलीत, तेवढं चालवून घ्या. इतिहासवाल्यांना ही घरी बघायला सांगा, हॉलमध्ये नको.

उंबरझाड:
उशिरा येतोय, पण कुणी अॅलन लोमॅक्सचं, गावोगाव फिरून लोकगीतं रेकॉर्ड करणाऱ्या माणसाचं, नाव कसं नाही घेतलं? 'द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन', १९७९ची, तासाभराची, फोकस्ट्रीम्स या साइटवर फुकट आहे. पण माझा सल्ला वेगळा, फिल्म नका दाखवू. तिच्यासाठी १९७८ मध्ये मिसिसिपीत जे शूट केलं त्याचे न कापलेले तुकडे लोमॅक्स आर्काइव्हने युट्यूबवर टाकलेत, ते दाखवा. फिल्ममध्ये लोमॅक्स बोलत सुटतो, तुकड्यांत नुसती माणसं. कॅन्टनजवळ एका घराबाहेर बेल्टन सदरलंड नावाचा म्हातारा, डोक्यावर हॅट, सिगारेट, तीनेक मिनिटं गिटार वाजवून गातो आणि थांबतो. या माणसाची एक रेकॉर्ड निघालेली नाही, त्याच्यावर कुठलं चॅनेल डॉक्युमेंटरी काढणार? आर. एल. बर्नसाइडही आहे, नुसती खुर्ची आणि गिटार.
टीव्हीवाल्यांनी कापून फेकलं असतं ते सगळं इथे आहे. आणि तिसरी ओळ पण येते :D

मूळ_धागाकर्ता:
@उंबरझाड, दंडवत! सदरलंड बघितला, लागोपाठ परत लावला, बायको आतून विचारायला आली कोण आहे म्हणून.
तर बेत असा: आधी सदरलंड आणि बर्नसाइडचे तुकडे, काही न सांगता. मग हॉपकिन्स. चहा. मग 'डीप ब्लूज'मधले जॅक ओवेन्स आणि जेसी मे, शेवटी रोझेटा. सव्वा-दीड तासात होतंय, उरलेला वेळ भांडायला.
आता एकच अडचण, लोमॅक्सच्या तुकड्यांना सबटायटल नाहीत आणि आपोआप येणारी बघितली तर हसून मेलो. गाण्याच्या ओळी मराठीत कागदावर लिहून वाटाव्यात असा विचार आहे. सदरलंडच्या गाण्यात खेचराबद्दल काय म्हणतोय ते कुणी नीट ऐकून लिहून देईल का?

शिकागोकर:
मी देतो, शनिवारपर्यंत व्यनि करतो. हॉपकिन्सचं बोलणं पण टाइप करू का? तो बोलतो भरभर.

मूळ_धागाकर्ता:
करा की, नेकी और पूछ पूछ. त्यात तो ब्लूजची व्याख्या सांगतो तेवढं आधी पाठवा, प्रिंट मोठ्या अक्षरात काढावे लागतील, आमच्याकडे निम्म्यांचे मोतीबिंदू झालेत.