तुम्हाला लागण नेमकी कुठे झाली?

मी कळव्याची. 2020 च्या एप्रिलपासून कोविड वॉर्डात स्टाफ नर्स होते. आमच्या पाळीतल्या निम्म्या जणी पॉझिटिव्ह आल्या, मीही. सगळे म्हणायचे, पेशंटकडूनच झालं असणार. मला तसं वाटत नाही. पेशंटजवळ आम्ही डोळ्यांत तेल घालून जपायचो. घात व्हायचा तो किट उतरवताना. सहा तासांनी गाऊन घामाने अंगाला चिकटलेला, गॉगलवर वाफ, घशाला कोरड. अशात आधी ग्लोव्हज आणि गाऊन, प्रत्येक पायरीला हात सॅनिटाइझ, मास्क शेवटी, हा क्रम चुकू नये म्हणून समोर उभं राहून सांगणारं कुणी हवं. रात्रपाळीला ते नसायचं. तुम्ही तेव्हा ड्यूटीवर असाल तर लिहा.

भूलतज्ज्ञ, वाशी
इंट्युबेशन माझ्याकडे असायचं. नळी घालताना माझा चेहरा पेशंटच्या तोंडापासून जेमतेम हातभर. तिथे कित्येक महिने काही झालं नाही. मग एक दिवस ड्यूटी रूममध्ये आम्ही चौघांनी एकत्र डबे उघडले. खिडक्या बंद, एसी चालू, मास्क हनुवटीवर. त्याच आठवड्यात तिघे पॉझिटिव्ह. आपल्याच माणसाची कोण भीती बाळगतो? हात आम्ही रगडून धूत होतो, पण हवेचं भान नव्हतं. 2020 च्या मार्चमध्ये तर जागतिक आरोग्य संघटनाच सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. त्यानंतर आम्ही गच्चीवर जेवायला लागलो, लांब लांब बसून.

अँब्युलन्स चालक, कोपरी
केबिनच्या मागे जाड प्लॅस्टिक लावलं, काचा कायम खाली. मला एकदाही झालं नाही. बायकोला झालं. रेशनच्या रांगेत की माझ्यामुळे, हे अजून डोक्यातून जात नाही.

दिघा
आई सांगतेय, मी टाइप करतेय. ती हॉस्पिटलात सफाईला, कंत्राटावर. सुरुवातीला डॉक्टर-सिस्टरांना एन95 आणि हिला साधा तीन पदरी मास्क. बेडपॅन तीच उचलायची, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या तीच बांधायची. शेवटी एका सिस्टरने स्वतःचे पाच एन95 दिले, पाच कागदी पाकिटांत, प्रत्येकावर वार लिहून. सोमवारचा मास्क पुन्हा पुढच्या सोमवारीच. तोवर मे उजाडला होता आणि आईला ताप भरला होता. आमची एकच खोली, ती मोरीपाशी पडदा लावून झोपायची. सरकारच्या 50 लाखांच्या विम्यात कंत्राटी माणसंही होती, पण ते पैसे माणूस गेल्यावर. आजारपणातले खाडे मात्र कापले गेले.

धागाकर्ती
दिघ्याच्या ताई, वाचून फार वाईट वाटलं. ज्यांचा हात घाणीत, त्यांनाच मास्क शेवटी, हे आमच्याकडेही घडलं. पाकीट कागदी दिलं हे त्या सिस्टरने बरोबर केलं, प्लॅस्टिकमध्ये मास्क ओला राहतो. 16 जानेवारी 2021 ला लस सुरू झाली तेव्हा आमच्या यादीत मावशींची नावंच नव्हती, आम्ही मेट्रनकडे जाऊन घालून घेतली. आईंचं नाव होतं का?

दिघा
नव्हतं. त्याच सिस्टरने लिहायला लावलं. फेब्रुवारीत पहिला डोस झाला, त्या दिवशी त्या स्वतः आईबरोबर रांगेत उभ्या होत्या.